गल्ली हातानं बोलायला लागली

आमची सोलापुरातली गल्ली विणकरांची. घरात तेलुगू, दारात मराठी, पलीकडच्या बोळात कानडी, कोपऱ्यावर दखनी. भांडण मात्र चारी भाषांत! घरोघरी हातमाग होते. माझी थोरली बहीण, आमची अक्का, दिवसभर चरख्यावर बसून आप्पांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. घरात आम्ही तिच्याशी हातवारे करून पोटभर गप्पा मारायचो. पण उंबरा ओलांडला की अम्मा तिचे हात धरून खाली दाबायची. "लोक हसतात," म्हणायची. मला असा राग यायचा!

मग सत्तर सालानंतर गल्लीत पावरलूम आले. बाप रे, काय ते दिवस! लाकडी माग सरपणाला गेले, जमिनीतले मागाचे खड्डे बुजले, पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. खडखडाट असा, की फळीवरची भांडी सरकायची. आम्ही पोरं खुळ्यासारखी दिवसभर शेडच्या खिडकीला लटकलेली. आप्पा समोरच्याच शेडमध्ये कामाला लागले आणि अक्काचा चरखा बंद पडला. ती शेडकडं बोट करायची, छातीवर हात मारायची. मलापण तिथं जायचंय! अम्मा मान हलवायची. न्हाय म्हणजे न्हाय.

एक दिवस अक्का माझं मनगट धरून तरातरा निघालीच. मालकानं दारातच अडवलं. "अगं, हाक मारली तर हिला ऐकू येणार का?"

आत कांड्या भरणारी शेजारची कानडी मावशी पदर खोचत बाहेर आली. "तुमची हाक आमाला तरी कुटं ऐकू येती, मालक? घसा फाटेस्तोवर वरडताय की!"

मालकालाच हसू आलं. अक्का आत!

आत सगळे हातवारेच करत होते, पण काय ते अडाणी हातवारे! पाणी मागावं तर तंबाखू यायची. अक्कानं कपाळावर हात मारला आणि एकेकाला शिकवायला घेतलं. बघता बघता अख्खी शेड अक्काची भाषा बोलायला लागली. मग गल्लीही. बायका या गच्चीवरून त्या गच्चीवर हातानं विचारायच्या, आज भाजी काय? मी तर आनंदानं नुसती नाचत होते. अम्मा तेवढी दुपारी डबा आणायची, दारातच आप्पांच्या हातात द्यायची आणि खाली मान घालून परतायची.

एका दुपारी लाईट गेली. सगळे माग एकदम थांबले. मी खिडकीतून अक्काकडं बघितलं. आता सगळ्यांची तोंडं उघडणार आणि अक्का पुन्हा एकटी पडणार!

पण कुणी तोंड उघडलंच नाही. मावशीचं आणि आप्पांचं हातानं भांडण चाललं होतं, ते तसंच चालू राहिलं. इतकं शांत, की मावशीच्या बांगड्या ऐकू येत होत्या. अम्मा दारात उभी राहून बघत होती. बघत राहिली. मग तिनं डबा खाली ठेवला आणि भर शेडमध्ये, सगळ्यांच्या देखत, दोन्ही हात वर करून अक्काला विचारलं, भूक लागली?

अक्का तिच्याकडं वळली. मग पोटावर थाप मारून हात उडवत अशी खेकसली, की सगळी शेड हसली. कवाची लागलीय! आण की लवकर!