टायरवाल्याचा रविवार

नारायणगावच्या बायपासला त्याचं टायरचं दुकान आहे. रविवारी टीव्हीवर मोटारींची शर्यत लागली की तो गिऱ्हाइकाच्या चाकाला हात लावत नसे. "थांबा राव, बारी चालू हाये," म्हणायचा, जणू समोर बैलगाडा शर्यतीचा घाटच आहे. शर्यतीतली गाडी टायर बदलायला थांबली की उभा राहून ओरडायचा, "उचल, उचल!"

मग शर्यत दुसऱ्या चॅनेलवर जाणार असं कळलं. तो भेटेल त्याला एकच विचारायचा, "टायर बदलताना दाखवत्याल ना?" मी हसून म्हणालो, "दाखवतील की!"

नव्या चॅनेलवर गाडी टायर बदलायला आत वळली की नेमकी जाहिरात लागते. जाहिरात संपेपर्यंत चाकं बदलून गाडी सुटलेली असते. सुरुवातीला तो शिव्या द्यायचा. मग नुसतं म्हणायचा, "आमी सांगायचं कुणाला?"

परवाच्या रविवारी माझी गाडी पंक्चर झाली. त्याच्या दुकानात गेलो तर टीव्हीवर शर्यत चालू होती, म्हणून मी सवयीनं बाकड्यावर टेकलो.

"बसताय काय भाऊ? आणा गाडी."

टीव्हीकडे पाठ करून तो माझ्या चाकाचे नट सोडवत बसला. एकदाही वळला नाही. माझं काम इतक्या लवकर कधीच झालं नव्हतं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.