करंज्या अर्ध्यावर राहिल्या

मंडळी, आज नाताळच्या करंज्या तळत होते. शेजारच्या शांताबाई आल्या. मुलगा गेल्यापासून त्या कुठे जात नाहीत. मी "बसा, आलीच" म्हटलं आणि तळतच राहिले.

मग ऐंशीच्या दशकातला, माझ्या लहानपणीचा आमच्या गावचा, गोंडपिपरीचा एक नाताळ आठवला. नवरा गेलेली शेजारीण दारात दिसताच आईनं चुलीतली लाकडं बाहेर ओढली.

शेजारीण म्हणाली, "सण हाये बाई तुमचा. तळा तुम्ही."

आई म्हणाली, "येशू जन्मला तवा कोणाच्या घरी करंज्या होत्या? बसा."

करंज्या राहिल्या म्हणून तेव्हा मी रुसले होते.

आज गॅस बंद केला. शांताबाई पहिल्यांदाच मुलाबद्दल बोलल्या. पीठ सुकलं. माझा नाताळ मात्र आजच झाला.

तुम्ही कोणाला "आलीच" म्हणून बसवून ठेवलंय?