दादाच्या भरवशावरची बत्ती

माझी धाकटी बहीण कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा त्यांच्या निसर्ग मंडळाचा दोन दिवसांचा कॅम्प गोराईला निघाला. आम्ही राहायचो बोरिवलीत, म्हणजे होडीत बसून खाडी ओलांडली की आलंच. पण आमच्या आईच्या लेखी ती परदेशवारी होती. मुलगे-मुली एकत्र, तेही तंबूत! तीन दिवस घरात अबोला चालला. शेवटी आईने दोन अटी घातल्या. दादा सोबत पाहिजे आणि रात्रभर उजेड पाहिजे. काही वेडंवाकडं झालं तर हा कॅम्प पहिला आणि शेवटचा, हेही बजावून टाकलं. दादा म्हणजे अस्मादिक. वय सव्वीस, कारखान्यात ड्राफ्ट्समन, आणि यंत्रातलं आपल्याला सगळं कळतं अशी पक्की समजूत.

बत्ती घ्यायला आम्ही दोघं घाटकोपरला गेलो. दुकानदाराने दोन प्रकार काढले. एक रॉकेलची, पंप मारायची, आपण लग्नाच्या वरातीत बघतो ती. दुसरी छोट्या सिलिंडरवर बसवलेली. पहिली दणकट आहे, आदळआपट सोसते, असं तो सांगत होता. मी दुसरीवर बोट ठेवलं, कारण ती दिसायला झकास होती. मग बिचारा समजावत बसला. जोडणीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. आधी काडी पेटवा, मग चावी सोडा. मेंटल, म्हणजे ज्योतीवर बांधायची कापडी जाळी, एकदा जळलं की नुसती राखेची जाळी उरते, धक्का लागला की संपलं, तेव्हा ते मुक्कामावर पोचल्यावरच लावा. आणि बंद जागेत बत्ती पेटवू नका. मी प्रत्येक वाक्याला "माहीत आहे" म्हणत होतो. बहीण लक्ष देऊन ऐकत होती. तिने दोन मेंटलं जास्तीची मागितली तेव्हा, दुकान थाटतेस का गं, म्हणून मी तिची थट्टाही केली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी गॅलरीत बत्तीचं प्रात्यक्षिक ठेवलं. शेजारीपाजारी जमले. मेंटल पांढरंशुभ्र पेटलं, आईचा चेहरा निवळला, आणि मी यथेच्छ भाव खाल्ला. दुसऱ्या दिवशी तेच जळलेलं मेंटल लावलेली बत्ती मांडीवर घेऊन मी गोराईच्या टांग्यात बसलो. रस्ता कसला, नुसते खड्डे. उतरून बघतो तर काचेच्या तळाला चिमूटभर राख. बहिणीने पिशवीतून नवं मेंटल काढून दिलं.

ते बांधलं. अंधार पडायला लागला होता आणि सगळी पोरं कौतुकाने बघत होती. त्या नादात मी चावी आधी सोडली आणि मग काडेपेटी शोधत बसलो. काडी ओढली तसा भप्पकन जाळ झाला आणि माझी डावी भुवई अर्धी गेली. पोरं हसू दाबत होती. मीही हसलो, पण आतून पार वाट लागली होती.

समुद्राचा वारा सुटला, ज्योत फडफडायला लागली. रात्रभर उजेड हवा, ही आईची अट माझ्या डोक्यात. मी पेटती बत्ती उचलली, सगळे गप्पा मारत बसले होते त्या तंबूत नेऊन ठेवली आणि वारा नको म्हणून दाराच्या कनाती घट्ट बांधल्या. अर्ध्या तासात सगळे जांभया द्यायला लागले. एका मुलीचं डोकं दुखायला लागलं. खाऱ्या हवेने होतं असं, मी समजावलं. बहीण विहिरीवर भांडी घासून परत आली. तिने दाराच्या गाठी सोडल्या, आत पाऊल टाकलं आणि थेट चावी बंद केली. वर बघितलं तर तंबूचं कापड पिवळं पडलं होतं. ती सगळ्यांना बाहेर मोकळ्यावर घेऊन गेली.

"दादा, बत्ती बाहेर राहील," ती म्हणाली. "आणि आता तिला तू हात लावायचा नाहीस."

बत्ती गार झाल्यावर तिने ती विहिरीच्या कठड्याच्या आडोशाला, सपाट जागा बघून ठेवली आणि काडी आधी ओढून पेटवली. उजाडेपर्यंत ती सारखी उठून बघून येत होती. मला लाज वाटत होती, आणि तरी झोप लागली.

घरी आल्यावर आईने पहिल्यांदा माझी भुवई बघितली. माझ्या आधी बहीण बोलली. चुलीची ठिणगी उडाली, आणि दादाने बत्ती रात्रभर मस्त सांभाळली. खरं सांगितलं असतं तर तिचं बाहेर पडणं तिथेच संपलं असतं, हे मला कळत होतं. आई खूश झाली. माझ्या पाठीवर हात फिरवला. मग बहिणीने हळूच विषय काढला, दिवाळीनंतर सह्याद्रीत आठ दिवसांचा कॅम्प आहे, जाऊ का?

"दादा वांगडा आसात तर खुशाल जा," आई म्हणाली. आईच्या मालवणीत वांगडा म्हणजे सोबत.

बहिणीने माझ्याकडे बघितलं. आई, तिला माझी गरज नाही, एवढंच मी म्हणायचं होतं. मागची हकिगत सांगायचीही गरज नव्हती. पण पाठीवरचा हात अजून तिथेच होता, आणि मला तो सोडवेना. मी मान डोलावली.

दिवाळीनंतर मला रजा मिळाली नाही. ती गेली नाही.