पानं तोडणारीचं कार्ड

२०२४ साल, मी बहात्तर वर्षांचा. होळी होऊन आठ दिवस झाले होते. चामोर्शीच्या दवाखान्यातून मुलाचा फोन आला, "बाबा, माय गेली..." मी चार बुकंही शिकलो नाही, पण माझ्या बायकोबद्दल, सुभद्रेबद्दल लिहीन तर मीच लिहीन, असं तेव्हाच ठरवलं.

आमच्याकडे उन्हाळ्यात जंगलात विडीसाठी तेंदूची पानं तोडतात. पहाटे सुभद्रा जाई, सत्तर-सत्तर पानांचे पुडे तीच बांधी. मजुराचं कार्ड मात्र माझ्या नावाचं. गावात साऱ्यांचंच तसं होतं, आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, खोटं कशाला बोलू. मग एका हंगामात शेजारच्या कौशल्याबाईला पानं तोडताना वाघानं धरलं. जीव वाचला, हात गेला. मजुरांचा विमा मागायला गेली तर साहेब म्हणाला, यादीत नवरा मजूर आहे, तुम्ही नाही.

त्या आठवड्यात ग्रामसभेत सुभद्रा उभी राहिली. "ज्याचं नाव, त्यानंच पानं तोडावी. उद्यापासून आमी बाया जात नाई."

मी चिडलो. "चाल घरी. चारचौघांत माझी इज्जत काढून राह्यली काय?"

"अवो, इज्जत तुमची, तं कंबर माझी काऊन दुखते?"

सभा हसली. पण तीन दिवस एकही बाई जंगलात गेली नाही. आम्ही नाववाले गेलो. दुपारपर्यंत माझे जेमतेम अकरा पुडे झाले. पानं मोजून घेणाऱ्या मुन्शीनं एक पुडा उघडून पाहिला. "भाऊ, पानं आणले का काड्या? बकरीबी खानार नाई हे!" चौथ्या दिवशी ठराव झाला, जी तोडेल तिचंच नाव. कौशल्याबाईला काही मिळालं नाही, ती सल सुभद्रेला शेवटपर्यंत होती... पण सुभद्रेच्या स्वतःच्या नावाचं कार्ड आलं, तेव्हा तिनं ते माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. अडखळत वाचलं मी. अभिमान वाटत होता, तिला मात्र कळू दिलं नाही.

परवा यंदाच्या हंगामाची यादी करायला मुन्शी घरी आला. "भाऊ, बाईच्या जागी तुमचं नाव टाकू?"

"सुनेचं टाका. मंगला."

मंगला दारातून म्हणाली, "तुमचंच राहू द्या बाबा, लोक काय म्हणतीन?"

"लोक येतेत काय पानं तोडाले?"

मुन्शी अजून घुटमळत होता. "पोराले तं विचारा एकदा."

"त्याले काऊन विचारू? पानं तं मंगला तोडनार."

दुसऱ्या दिवशी पहाटे मंगला जंगलात गेली, आणि मी जन्मात पहिल्यांदा चूल पेटवून भाताचं आधण ठेवलं.