बरोबरी नामंजूर

ऑफिसची सकाळची मीटिंग चालू होती आणि फोनवर यानेककाकांच्या मुलीचा, इव्हाचा मेसेज आला. ‘बाबा पहाटे गेले. शुक्रवारी येताना काळे कपडे नकोत, त्यांना पटावरची काळी मोहरी कधीच आवडली नाहीत.’ डोळे भरून आले आणि हसूही आलं. यानेककाका गेले तेसुद्धा असे, समोरच्याला हसवून.

इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या लायब्ररीत दर शनिवारी ते बुद्धिबळाचा पट मांडून बसत. अकरा वर्षांपूर्वी मी पुस्तकं परत करायला गेले आणि ‘मलाही येतं’ म्हणून ऐटीत समोर बसले. नागपूरला आजोबांनी शिकवलं होतं ना! डाव अंगाशी येतोय असं दिसल्यावर मी राजाला घोड्यासारखं अडीच घरं उडवलं. शह बसण्याआधी राजाला एकदा ती मुभा आमच्याकडे असते. जगात इतरत्र नसते, हे मला ठाऊकच नव्हतं. काका पोलंडचे एकेकाळचे मास्टर, पण चिडले नाहीत. चष्मा पुसून म्हणाले, "थांब, परत दाखव. साठ वर्षं खेळतोय, हे मला कुणी सांगितलंच नाही."

त्यांची कारकीर्द मला तुकड्यातुकड्यांनी कळली, कारण खेळताना ते बोलत नसत आणि डाव संपला की त्यांना भूक लागलेली असे. कोळशाच्या खाणीच्या क्लबात ते शिकले, त्याच क्लबाकडून देशभर खेळले. ग्रँडमास्टर व्हायला एका स्पर्धेच्या शेवटच्या डावात फक्त अर्धा गुण हवा होता. समोरच्यानं बरोबरी देऊ केली. यांनी ती नाकारली... आणि हरले. पुढे अमेरिकेत येऊन तीस वर्षं लोकांची घरं रंगवली. किताब हुकला तो हुकलाच. ‘पश्चात्ताप होतो का?’ हे कित्येकदा माझ्या ओठांवर यायचं, पण विचारवत नसे. एवढ्या हसऱ्या माणसाच्या मनात ते शल्य असेल, ही कल्पनाच मला सोसत नव्हती.

शेवटचं भेटले ते इव्हाच्या घरी. काका पलंगाला खिळले होते, तरी पट मांडला. आणि काय सांगू, त्या दिवशी माझं पारडं चक्क जड झालं. काकांनी हात पुढे केला. "बरोबरी?" अकरा वर्षांत त्यांनी ती कधी मागितली नव्हती. हो म्हटलं असतं तर ती दया झाली असती, आणि त्यांना ती लगेच कळली असती.

"सॉरी काका, खेळू या."

त्यांनी इव्हाला हाक मारून पलंगाची पाठ वर करायला लावली, चष्मा चढवला... आणि दहा-बारा खेळींत माझं पार पानिपत केलं.

"वेडे, अर्धा गुण मिळत होता की," ते खुशीत म्हणाले.

"मग तेव्हा तुम्ही का नाही घेतला?" शेवटी विचारलंच.

"उरलेला डाव कसा झाला असता, ते कळलं नसतं ना." एवढं बोलून त्यांनी पट फिरवला आणि पुन्हा मोहरी मांडायला घेतली.

लायब्ररीतल्या त्या टेबलापाशी आता शनिवारी मी बसते. परवा एका निवृत्त शिक्षिकेनं बरोबरी देऊ केली. माझी मान आधीच नकारार्थी हलली होती. हरले, आणि पट फिरवला.