लघाटे बाबूंचा मुका संगणक

लघाट्यांच्या घरात वस्तू हलत नाही. हा त्या घराचा नियम आहे. झाशीच्या सिविल लाइंसमधल्या त्या बैठ्या घरात पाहुणा आला, की प्रेमलाताई आधी पाणी विचारत नाहीत. "खुर्ची सरकवू नका हं," म्हणतात. पाहुणा नवा असेल तर गोंधळतो. मग आतून यज्ञेश्वर लघाटे येतात. काठीशिवाय, सरळ, तिपाईला वळसा घालून. बरोबर आपल्या खुर्चीत बसतात आणि पाहुण्याच्या आवाजाकडे तोंड करतात. तेव्हा कुठे त्याला कळते, की यांना दिसत नाही.

लहानपणी ताप आला आणि नजर घेऊन गेला. पुढे लघाटे रेल्वेच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. झाशी स्टेशनात त्यांना लघाटे बाबू म्हणत. प्रेमलाताई त्यांची थोरली बहीण, मुलींच्या शाळेत हिंदी शिकवायच्या. लग्न दोघांनीही केले नाही. का, ते कोणी विचारले तर प्रेमलाताई म्हणत, "वाचायला वेळ पुरला नसता."

ते खरेच होते. रोज दुपारी जेवण झाले, भांडी झाली, की त्या भावाला मराठी पुस्तक वाचून दाखवीत. झाशीत दाराबाहेर सगळे हिंदी. बाजार हिंदी, कचेरी हिंदी, रिक्षावाल्याशी भांडण बुंदेलीत. मराठी चार भिंतींत उरलेले, आणि तेही या वाचनामुळे.

मग एका दुपारी त्यांनी एकच ओळ दोनदा वाचली.

"आक्का, ही ओळ झाली."

"झाली का?" त्या थांबल्या. "छपाईच धड नाही या पानाची."

पुढच्या पानाचीही छपाई धड नव्हती. त्याच्या पुढच्याचीही. लघाट्यांनी गाडीची दोन तिकिटे काढली. ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उरलेली नजर जपा, गेलेली परत येणार नाही, म्हणाले. परतीच्या गाडीत प्रेमलाताई खिडकीशी बसून होत्या. एवढेच म्हणाल्या, "आता तुझी पुस्तकं राहिली रे."

"माझी नाही, आपली," लघाटे म्हणाले. "आता मी वाचतो."

त्यांच्याकडे संगणक होता. त्यात वाचून दाखवणारा प्रोग्राम होता, शेजारी स्कॅनर. पुस्तकाचे पान काचेवर पालथे घालायचे, की थोड्या वेळाने आतली एक बाई ते मराठीत वाचू लागे; सगळी पाने घातली, की पुस्तक आतच साठून राही. काचेच्या फोनवर बोट फिरवणे लघाट्यांना कधी जमले नाही. कळफलक मात्र त्यांच्या बोटांत बसला होता. कुठली कळ कशाच्या शेजारी, हे त्यांना घरातल्या तिपाईइतके ठाऊक होते.

प्रेमलाताईंना आधी ती बाई मुळीच आवडली नाही. "कोण ही? माझ्या जागेवर बसलीय." मग हळूहळू त्या तिला शिकवू लागल्या. "श्वास घे गं बाई, स्वल्पविराम आहे तिथं!" बाई ऐकत नसे. पण प्रेमलाताई रोज दुपारी तिच्यासमोर खुर्चीत येऊन बसू लागल्या. जिने जन्मभर आपल्याला वाचून दाखवले, तिला आता आपण वाचून दाखवतो, याचे लघाट्यांना फार सुख होते. ते कोणाला बोलून दाखवण्याची त्यांची रीत नव्हती.

त्या वर्षी एक जाडजूड कादंबरी चालू होती. कोकणातले घर, थोरली मुलगी भांडून मचव्यात बसते आणि निघून जाते. पावणेचारशे पानांत तिचे पत्र नाही. पुस्तक संपत आले होते. ती परत येणार की नाही, एवढेच उरले होते.

"येते. बघ तू," प्रेमलाताई म्हणत.

"नाही येत. लेखक खट आहे."

पैज लागली. हरेल त्याने चहा करायचा.

मग एके सकाळी लघाट्यांनी संगणक चालू केला आणि आतून कोणीतरी परका बोलला. पुरुष, इंग्रजीत, सपाट. लघाट्यांनी नेहमीच्या कळा दाबल्या. भलतेच काहीतरी उघडले. कसेबसे पुस्तक सापडले. पण मराठी अक्षरांवर तो पुरुष गप्प राही. फक्त पानांचे आकडे वाची. तीनशे नव्वद. शांतता. तीनशे एक्याण्णव. शांतता.

"आक्का, इथं कोण आलं होतं?"

"कोण येणार? काल फडकं मारलं मी."

"फडकं मारलंस, की काही दाबलंस?"

"यज्ञा, मी जन्मभर फडकं मारतेय."

"तेव्हा दिसत होतं तुला. आता दिसत नाही, तर कशाला हात लावायचा?"

हे वाक्य लघाट्यांना बाहेरच्यांनी आयुष्यभर ऐकवले होते. शाळेत, दुकानात, नोकरीच्या मुलाखतीत. घरात कोणी कधी ऐकवले नव्हते. प्रेमलाताईंनी तर नाहीच. आता ते लघाट्यांच्याच तोंडून निघाले होते. प्रेमलाताई स्वयंपाकघरात गेल्या. फडके ओट्यावर टाकल्याचा ओला आवाज आला. त्या दुपारी समोरची खुर्ची रिकामी राहिली.

दुसऱ्या दिवशी लघाटे संगणकाचा डबा मांडीवर घेऊन रिक्षाने इलाइट चौराह्यावरच्या दुकानात गेले. दुकानदार ओळखीचा होता. डबा चालू करून तो चुकचुकला.

"दादा, किसी ने कुछ नहीं छेड़ा. अपडेट आया है. कल से सब यही लेकर आ रहे हैं."

"किसने बुलाया था?"

"बुलाना क्या? रात में अपने आप आता है."

"और मना करना हो तो?"

"मना नहीं होता, दादा. थोड़े दिन टाल सकते हैं, बस."

लघाट्यांनी डब्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "चोर इससे अच्छा. सामान ले जाता है, पर पलंग उठाकर रसोई में नहीं रख जाता."

दुकानदार खो खो हसला. लघाटे हसले नाहीत. त्यांना शिसारी आली होती. घरात रात्री कोणी शिरले तर माणूस निदान ओरडतो. हे तर आपल्याच पैशाने घेतलेल्या यंत्रातून शिरत होते, खुर्च्या फिरवत होते, आणि सकाळी वर सांगत होते, की तुमच्या सोयीसाठी केले.

त्यांना एक्सचेंज आठवले. जुना बोर्ड जाऊन नवा आला, तेव्हा कितीतरी दिवस दोन्ही शेजारी शेजारी चालवले होते. साहेबाने स्वतः लघाट्यांचा हात धरून नव्या बोर्डावरून फिरवला होता. जुने बटण इथे होते, आता इथे आहे. लघाट्यांचा हात सरावल्यावरच जुन्याची वायर काढली. तो साहेब काही देवमाणूस नव्हता, शिव्याही द्यायचा. पण काम चालू असताना कोणाच्या हाताखालचा बोर्ड बदलायचा नाही, एवढी लाज त्याला होती.

घरी येऊन ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"आक्का, तू नव्हतीस."

"मी नव्हते, ते मला माहीत आहे."

"मी बोललो ते..."

"ते ऐकलं मी. कान शाबूत आहेत माझे."

"चहा करू?"

स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. मग प्रेमलाताई म्हणाल्या, "पैज हरल्याशिवाय कशाला करतोस? तुझा चहा गुळमट होतो."

दुकानदाराने मराठी बाई परत बसवून दिली होती. पण ती पूर्वीची राहिली नव्हती. प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द गिळायची. "...म्हणाली, की होडी दिसतेय." कोण म्हणाली? "...रडू लागले." कोण रडले? प्रेमलाताई वैतागून म्हणाल्या, "ही आता पान खाऊन वाचते का?" शेजारची अनुसूया म्हणाली, मी वाचून दाखवते. पण तिचे मराठी स्वयंपाकघरापुरते. दीड पान झाले आणि तीच थकली. दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, "अगले अपडेट में ठीक हो जाएगा, दादा."

पुढचा अपडेट आला. आता संगणक बोलेचना.

पंखा फिरत होता, म्हणजे आत जीव होता. पण कुठलीही कळ दाबा, आवाज नाही. लघाट्यांनी बहिणीला हाक मारली. प्रेमलाताई भिंग घेऊन आल्या. दोघे जण पडद्यासमोर बसले. एकाला दिसत नाही, दुसरीला दिसल्यासारखे वाटते. पडदा काहीतरी विचारत होता.

"इंग्रजीत आहे. थांब... 'आपण पोहोचतच आलो' असं काहीसं."

"कुठं पोहोचलो?"

"ते नाही लिहिलं. खाली एक निळं दिसतंय, मोठं. आणि बाजूला काहीतरी बारीक, ते नाही दिसत."

"बारीक असतं तेच खरं असतं. निळं दाबू नकोस."

"मग काय दाबू? ते बारीक मला सापडत नाहीये, यज्ञा!"

शेवटी निळे दाबले. दुसरा पडदा आला. त्यावरही निळे होते. पुन्हा दाबले. असे किती वेळ चालले कोण जाणे. मध्येच प्रेमलाताई म्हणाल्या, "हे विचारतात तरी कशाला? दुसरं दाबायला काही ठेवलंय का?" भिंग पडद्यावर टकटक आपटू लागले, तेव्हा लघाट्यांनी ते काढून घेतले. डोळ्यांतून पाणी वाहत होते त्यांच्या. ताणाने, म्हणाल्या.

लघाट्यांनी कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. आधी गाणे. मग आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग पुन्हा गाणे. उभ्या नोकरीत लघाट्यांनी कोणाला 'होल्ड' म्हटले, तर जरा ओशाळून म्हटले होते. इथे कंपनीवाले माणसाला गाण्यावर बसवून ठेवत होते. अखेर एक मुलगा आला.

"सर, स्क्रीन पर जो कोड दिख रहा है, वो बताइए."

"बेटा, मुझे दिखता नहीं."

"तो घर में किसी को बुला लीजिए, सर, जिसे दिखता हो."

लघाट्यांनी मान वळवली. शेजारी प्रेमलाताई पदराने डोळे टिपत होत्या. पदराची खसखस ऐकू येत होती. "ऐसा कोई नहीं है," ते म्हणाले. मुलाने पुन्हा गाणे लावले आणि गाणे मध्येच तुटले. लगेच दुसरा आवाज आला: आमच्या सेवेने आपण समाधानी असाल तर एक दाबा.

लघाट्यांनी फोन खाली ठेवला आणि मोरीत जाऊन हात धुतले. साबण लावून, दोनदा.

त्यानंतर बरेच दिवस दुपारी कोणी त्या खोलीत गेले नाही. प्रेमलाताई म्हणायच्या, "जाऊ दे रे. ती येते, असंच धरून चालू." हे म्हणताना त्यांचा आवाज असा काही हलका व्हायचा, की लघाटे अर्ध्या ताटावरून उठत. आक्काने पुस्तक सोडून दिले, असे कधी झाले नव्हते.

अशाच एका दुपारी त्यांनी भुसावळला फोन लावला.

भुसावळ म्हणजे जनार्दन बऱ्हाटे. तेही तसेच, दिसत नसलेले, त्या टोकाच्या एक्सचेंजवर बसलेले. वर्षानुवर्षे दोघे एकमेकांना लाइन जोडून देत. भेटले असतील एकदा-दोनदा. नावाने हाक मारायची सवयच नव्हती.

"कोण? झाशी?"

"झाशी बोलतोय. भुसावळ, तुझा संगणक बोलतो का अजून?"

"बोलतो म्हणजे! घसा बसेपर्यंत बोलतो. का रे?"

"अपडेट नाही आला?"

"येईल कुठून? बाहेरची वायरच लावली नाही मी. पोरगा म्हणतो, बाबा, फार जुना झाला तो. म्हटलं, मीही झालोय, मलाही बदलतो का?"

लघाटे खूप दिवसांनी हसले. मग एकदम थांबले. "ती कादंबरी पाठवली होती ना तुला? पंजाब मेलच्या टीसीबरोबर, पेनड्राइव्हवर?"

"आहे ना. मागच्याच महिन्यात संपवली. काय ती शेवटाला..."

"सांगू नकोस!" लघाटे ओरडले. भुसावळचा आवाज फोनबाहेर फुटत होता; आतून प्रेमलाताईही ओरडल्या. दोघे एकाच वेळी.

"बरं बाबा, नाही सांगत," भुसावळ म्हणाले. "ऐकायचंय का? थांब. फोन ठेवतो तिच्यासमोर. पान सांग."

लघाट्यांनी आपला बटणांचा फोन तिपाईवर ठेवला आणि आवाज मोठा केला. शेजारच्या टेबलावर नवा अपडेट घेतलेला संगणक गप्प होता. आणि जवळजवळ सातशे किलोमीटरवरून, मध्ये इटारसी आणि बीना टाकून, ती बाई वाचू लागली. जुनी, स्वल्पविराम न पाळणारी, पहिला शब्द नीट उच्चारणारी. मागे भुसावळचा कुत्रा भुंकत होता.

खुर्ची फरशीवर ओढल्याचा आवाज झाला. प्रेमलाताईंनी ती फोनजवळ घेतली होती, जागेवरून पार हातभर. लघाट्यांनी ऐकले आणि फोन आक्काच्या बाजूला सरकवला.

रोज दुपारी थोडे थोडे, असे पुस्तक संपले. शेवटच्या पानाच्या आधी टेबलावरचा संगणक अचानक 'टिंग' वाजला. इतके दिवस मुका होता, आता वाजला. त्याला पुन्हा काहीतरी हवे होते. लघाट्यांनी उठून भिंतीतली पिन उपटली.

"झाशी, लाइन तुटली का?"

"नाही. चालू ठेव."

बाईने शेवटचे पान वाचले. मचवा धक्क्याला लागला. लघाटे उठले आणि चहा टाकायला गेले. गुळमट झाला. प्रेमलाताईंनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

कप विसळून झाल्यावर लघाटे त्या टेबलाशी आले. संगणकावर हात ठेवला. तो गार होता.

"आक्का, हे इथून हलव."

प्रेमलाताईंना वाटले, आपण चुकीचे ऐकले. "हलवू?" त्या म्हणाल्या. "कुठं ठेवू?"

"मला कळणार नाही अशा ठिकाणी."