स्पेनच्या राजाचा गुडघा

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, त्या फोटोत मापारी आजोबांनी अंगावर तेलाचा डबा का घातलाय? आणि ते दुसरे आजोबा जमिनीवर का पडलेत?" फोनवर सांगायला गेले असते तर तुम्ही मध्येच हसला असतात आणि माझा क्रम चुकला असता. म्हणून लिहून पाठवते. मी पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. आधी सुरुवात, मग मधला भाग आणि मग शेवट, ही सवय आता सुटायची नाही.

सुरुवात तुमच्यापैकी थोरलीने केली. तिच्या शाळेत मध्ययुगीन स्पेनचा धडा होता आणि राजाच्या एका अनौरस मुलाचं चरित्र लिहून न्यायचं होतं. आजीला इंग्रजी येतं म्हणून तिने ते वाचायला माझ्याकडे पाठवलं. मी त्याच्या प्रती काढल्या, चष्मा पुसला आणि सकाळची वंदना आटोपून अंगणात वाचत बसले. शेजारचे मापारी भाऊ नेहमीप्रमाणे आमच्या ओसरीवर येऊन शेंगा सोलत होते.

त्यांना मापारी म्हणतात, कारण वडशाच्या धानबाजारात त्यांनी आयुष्यभर धान मोजलं. हिवाळ्यात मात्र ते नट. आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे एक दिवसाची जत्रा, भरते, घरोघरी पाहुणे येतात आणि नाटक होतं. भाऊंनी चाळीस वर्षं नाटकात काम केलं, पण भूमिका कोणत्या? हवालदार, दरोडेखोर, आणि एकदा पूर्ण दोन अंक प्रेत.

"काय वाचून राह्यल्या, बाई?"

मी सांगितलं. स्पेनमध्ये एक राजा होता. त्याला राणी होती, पण जीव दुसऱ्याच बाईवर होता. तिच्यापासून त्याला दहा मुलं झाली.

"दहा! आन राणीले?"

"राणीचा एकच जगला. तोच गादीवर बसला."

"आन हे दहा?"

"त्यांना जहागिरी दिल्या, पदव्या दिल्या. पण राजा प्लेगने मेला आणि राणीने त्यांच्या आईला मारून टाकलं. मग त्यातला एक मुलगा परदेशात पळाला, फौज घेऊन परत आला. तो आणि गादीवरचा भाऊ एकाच वर्षी जन्मलेले. हा सात महिन्यांनी मोठा."

भाऊंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मोठा होता थो?"

"मोठा होता. पण मोठा असून काय उपयोग?"

"बरोबर," ते म्हणाले, आणि शेंगांची टोपली उचलून घरी गेले.

मला बोलल्यावर कळलं की काय बोलले. भाऊंची आई गावच्या मालगुजाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे, स्वयंपाकाला होती. पुढचं गावात सगळ्यांना ठाऊक, पण कोणी तोंडाने म्हणत नसे. मालगुजाराचा मुलगा आणि भाऊ एकाच वर्षीचे. भाऊ पाच महिन्यांनी मोठे. लहानपणी दोघं बोडीत, म्हणजे शेतातल्या तळ्यात, म्हशींच्या शेपट्या धरून पोहायचे. तेव्हा तो यांना दादा म्हणायचा. मग त्याला नागपूरला शिकायला पाठवलं. सुट्टीत आला तो "ए, पाणी आण" म्हणत. मालगुजारी केव्हाच गेली, तो मुलगा नागपुरात मोठा साहेब होऊन निवृत्त झाला, पण मंडईला प्रमुख पाहुणा म्हणून अजूनही तोच येतो आणि भाऊंना अजूनही "ए"च म्हणतो.

दुसऱ्या दिवशी भाऊ परत आले. या वेळी शेंगा नव्हत्या.

"बाई, यंदा मंडईत आपण ह्येच नाटक करू. तुमी लिवा. थो मोठा भाऊ मी होतो."

"भाऊ, तुम्ही बहात्तर वर्षांचे. तो राजपुत्र पस्तिशीचा होता."

"दाढी लावतो नं." मग खाली बघून म्हणाले, "मले त्याचं वावर नाई पायजे, घर नाई पायजे. एकडाव चारचौघात दादा म्हनावं त्यानं. समोरच्या खुर्चीवर बसून नाटक पाह्यलं तर समजन त्याले. नाई समजलं तं नाई."

आता मी नाही म्हणू शकले असते का? तुम्हीच सांगा.

लेखक दोघं झालो. मी इतिहास लिहायचा आणि गावचे शिंपी, जे दरवर्षी नाटक बसवतात, त्यांनी त्याचं नाटक करायचं. आमची पहिल्याच दिवशी जुंपली.

"बाई, दहा मुलं दाखवता येनार नाई. आपल्यापाशी माणसंच सहा हायेत."

"मग दोन दाखवा. बाकीचे आठ शिकारीला गेलेत म्हणा."

"आन दरबारात दंडार पायजे. नाच नसला तं लोक खुर्च्या फेकते."

"स्पेनमध्ये दंडार नव्हती हो!"

"तुमी गेल्या होत्या का?"

स्पेनच्या दरबारात दंडार झाली. चिलखतं तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यांची केली. शिंपीदादांनी पत्रा छान कापला, पण छापील अक्षरं आत घ्यायला विसरले. त्यामुळे राजाच्या छातीवर "निव्वळ वजन १५ किलो" आणि मोठ्या भावाच्या पाठीवर "थंड व कोरड्या जागी ठेवा" असं ठळक दिसत होतं. खरा प्रसंग असा आहे की शेवटी दोघं भाऊ एका तंबूत समोरासमोर आले, कुस्ती लागली, जमिनीवर लोळले आणि एका फ्रेंच सरदाराने खालच्याला वर आणि वरच्याला खाली केलं. मग मोठ्याने खंजीर मारला आणि तो राजा झाला. हे मी बदलू दिलं नाही. फक्त मारण्याआधी भाऊंनी स्वतःचं एक वाक्य घातलं. मोठा म्हणतो, "एकदा मला दादा म्हण, मी फौज घेऊन परत जातो." धाकटा म्हणतो, "नाही." ते वाक्य मी पान एक्केचाळीसवर सुवाच्य अक्षरात लिहिलं.

आता मधला भाग.

मंडईच्या चार दिवस आधी हत्ती आले. हे तुम्हाला खोटं वाटेल, पण गेली काही वर्षं आपल्याकडे रानटी हत्तींचा कळप फिरतो आणि कापलेल्या धानाचे ढीग खातो. वनविभागाने सांगितलं, अंधार पडल्यावर गर्दी जमवायची नाही. नाटक करायचं तर दिवसा करा, चारला संपवा. आजवर आमच्या गावाने नाटक उन्हात पाहिलेलं नव्हतं. सकाळी अकराला पडदा उघडला आणि समोर हजारभर माणसं डोळ्यांवर हात धरून बसलेली. मी एका पाटीवर एका बाजूला "दिवस" आणि दुसऱ्या बाजूला "रात्र" लिहून ठेवलं होतं. तंबूच्या प्रवेशाला "रात्र" टांगली की प्रेक्षक आपणहून कुजबुजत बोलायचे. अशी शिस्त मला वर्गात कधी मिळाली नव्हती. वनरक्षक घड्याळ बघत पहिल्या रांगेत, आणि त्याच्या शेजारी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत नागपूरचे साहेब.

मी प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसून वाक्य पुरवायचं. पहिले दोन अंक बरे गेले. उन्हाने भाऊंच्या दाढीचा डिंक वितळून ती हळूहळू छातीकडे निघाली होती, पण राजपुत्र परदेशात हाल सोसत होता, तेव्हा ते शोभलं.

तिसऱ्या अंकात धाकटा भाऊ, म्हणजे गादीवरचा राजा, येणार होता. ती भूमिका आमच्या एसटी कंडक्टरची. सकाळच्या फेरीवरून परस्पर येतो म्हणाला होता. त्याऐवजी त्याचा फोन आला. शिंपीदादांनी स्पीकरवर लावला.

"दादा, बस थांबली हाये. रस्त्यावर हत्ती हायेत."

"किती?"

"मोजू का उतरून?"

तिकडे दंडार संपत आलेली. राजाशिवाय राजाला मारायचं कसं? शिंपीदादा डबा हातात घेऊन पडद्याबाहेर गेले आणि मी थांबवायच्या आत माइकवर म्हणाले, "आपल्यासाठी भाग्याची गोष्ट. राजाच्या भूमिकेसाठी आपले साहेब! कॉलेजात त्यांनी नाटकं गाजवली हायेत!"

लोकांनी टाळ्या धरल्या. साहेबांनी तीनदा नको म्हटलं, पण राजाची भूमिका म्हटल्यावर त्यांचा हात आपोआप केसांवरून फिरला होता. पाच मिनिटांत ते पंधरा किलो निव्वळ वजनाचे झाले. कथा काय, हे विचारायलाही त्यांना वेळ मिळाला नाही.

"मॅडम, तुम्ही सांगाल ते मी म्हणेन," ते मला म्हणाले.

भाऊंनी विंगेत येऊन माझी वही धरली. "बाई, पान बदला नं. त्याले 'नाई' म्हनाले नका लावू."

"आता कसं बदलू? चारला वीस कमी आहेत!"

हे मी का म्हटलं, कोण जाणे. सवयीने म्हटलं. त्या पानावर माझ्याकडून काट मारवली गेली नाही.

"रात्र" पाटी लागली. तंबूत दोघं समोरासमोर आले. भाऊ म्हणाले, "एकदा मला दादा म्हण, मी फौज घेऊन परत जातो." आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता, पण वर टांगलेल्या माइकने शेवटच्या माणसापर्यंत पोचवला.

मी कुजबुजले, "नाही."

साहेब छाती काढून गरजले, "नाही!" आणि नटाची खाज म्हणून स्वतःचं जोडलं, "कधीच नाही!"

हजार माणसं गप्प. साहेबांना वाटलं, प्रवेश रंगला. मग त्यांनी लोकांकडे पाहिलं, लोक कोणाकडे पाहत होते ते पाहिलं, आणि भाऊंच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना कथा कळली. पण तेवढ्यात कुस्ती सुरू झाली, कारण भाऊ पक्के नट, पुढचं काम थांबवत नाहीत.

बहात्तर वर्षांचे दोघं, डब्यांसकट. धडाम् असा आवाज आला की मागची म्हैस दावं तोडून गेली. साहेब वर, भाऊ खाली. एकाच्या पत्र्याची कड दुसऱ्याच्या पत्र्यात अडकली. फ्रेंच सरदार म्हणून शिंपीदादा धावत आले आणि इतिहासाप्रमाणे त्यांना उलटं करू लागले. ते अर्धेच उलटले. भाऊंचं सगळं वजन साहेबांच्या पायावर आलं.

"खंजीर!" मी विंगेतून ओरडले. "भाऊ, खंजीर काढा!"

आणि साहेब बोडीतल्या पोरासारखे किंचाळले, "दादा! उठ नं गा! माहा गुडघा!"

माइकवर.

नागपूरचं शुद्ध मराठी गेलं, साहेबपणा गेला, सगळं गेलं. भाऊ तसेच आडवे, हलेनात. मग स्त्रियांच्या बाजूने एक म्हातारी ओरडली, "वन्स मोर!"

तुम्हाला हे माहीत नसेल. झाडीपट्टीत वन्स मोर नाकारत नाहीत. गाणं असो, मरण असो, लोकांनी मागितलं की परत करायचं. सरणावर चढलेली माणसंही आमच्याकडे उतरून परत चढलेली आहेत. सगळं गाव ओरडू लागलं. "वन्स मोर! वन्स मोर!" वनरक्षकही. त्याने घड्याळ खिशात टाकलं होतं.

पहिल्यांदा गुडघ्याने म्हणवलं होतं. आता तसं नव्हतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, वाक्य पुरवा म्हणून. मी वही मिटली. आयुष्यात पहिल्यांदा मी विद्यार्थ्याला प्रश्न पडलेला असताना गप्प बसले.

त्यांनी भाऊंकडे मान वळवली. मग हळू म्हणाले, "दादा. उठ नं गा."

"वन्स मोर!" लोक परत ओरडले.

भाऊंनी मान वर केली. दाढी आता बेंबीपाशी होती. माइककडे बघून म्हणाले, "बस करा आता. त्याचा गुडघा खराच दुखून राह्यला."

दोघांना सोडवायला पत्रा कापायची कात्री आणावी लागली. तुमच्याकडचा फोटो तेव्हाचा आहे. खून राहूनच गेला. चारला पाच मिनिटं असताना शिंपीदादांनी "दिवस" पाटी लावून पडदा ओढला आणि कोणीही खुर्ची फेकली नाही. कंडक्टर साडेचारला पोचला. आपल्याशिवाय राजा कसा मेला, म्हणून तो आठवडाभर रुसून होता. मेला नाही, हे सांगितल्यावर जास्त रुसला.

साहेबांना गाडी चालवता येईना, म्हणून ते चार दिवस भाऊंकडेच राहिले. भाऊ मोहाचं तेल कोमट करून गुडघ्याला चोळायचे आणि साहेब ओरडायचे, "दादा, हळू!" भाऊ मुद्दाम हळू चोळत नसत, हे मी ओसरीवरून स्वतः पाहिलं आहे.

ते गेल्यावर भाऊ शेंगा घेऊन आले. "बाई, थो स्पेनवाला मंग राजा झाला नं? सुखी राह्यला का?"

मी कागद काढून पाहिले. "दहा वर्षं राज्य केलं. सुखाचं काही लिहिलेलं नाही."

"कसं असन?" शेंग सोलत ते म्हणाले. "भावालेच मारल्यावर दादा म्हनाले उरलं कोन?"

थोरले, पुन्हा कधी त्या राजपुत्रावर लिहिलंस तर हे त्यात घालू नकोस, तुझ्या शाळेतल्या बाई मार्क कापतील. तिथे खंजीर आणि खूनच लिही. आणि तुझ्या धाकट्या भावाला सांग, आजीने विचारलंय, तो तुला ताई म्हणतो की नाही?